जीजी, तो गड्डा मीच उचलला होता

जीजी, तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. पाहुणे पांगले, सतरंज्या परत गेल्या, आणि आज पहिल्यांदा घरात इतकी शांतता आहे की मला तुमच्याशी नीट बोलता येईल. एरवी तुम्ही बोलू कुठे द्यायचात? मी वाक्य सुरू करायचं आणि तुम्ही "ते राहू दे, आधी मी काय सांगते ते ऐक" म्हणून मध्येच तोडायचं, ही आपली नऊ वर्षांची पद्धत. आता तुम्हाला ऐकूनच घ्यावं लागणार आहे. म्हणून सगळ्यात आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. तुमच्या गुलछडीचा तो गड्डा मीच उचलला होता.

हे तुम्ही समोर असताना सांगायला हवं होतं, मला कळतं. शंभरदा जिना उतरले असेन त्यासाठी. खाली येऊन प्रत्येक वेळी "जीजी, जरा हिंग आहे का" एवढंच विचारून परत गेले. इतका हिंग कुठल्या जावेला लागतो, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत, हे तुमचे उपकार.

आपण उज्जैनला नानाखेड्यात घर बांधलं तेव्हा बस स्टँडच्या पलीकडे नुसती काळी माती होती आणि पावसात चप्पल हातात घेऊन घरी यावं लागायचं. दोघा भावांनी मिळून बांधलेलं घर. खाली तुम्ही आणि भाऊजी, वर आम्ही. खालची जमीन तुमची, वरची गच्ची आमची, हा करार तुम्हीच वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलात. आपण दोघी सख्ख्या जावा, पण ह्यांच्या बदल्यांपायी तोवर लग्नकार्यात भेटलो तेवढ्याच. मी साताऱ्याची. तुम्ही सात पिढ्यांच्या उज्जैनच्या. "आमचे लोक दरबारात लिहायला आलेले," हे तुम्ही दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं. तुमचं बोलणं ऐकून मी पहिल्याच आठवड्यात ह्यांना म्हटलं, "जीजींना एकदा नक्की विचारा, त्या मराठी बोलतात की हिंदी." आता माझा भाऊ साताऱ्याहून एसटीडी करतो आणि मला तेच विचारतो.

फाटकापासून ओट्यापर्यंत तुमची ती क्यारी, जुन्या घरून आणलेल्या गड्ड्यांची. मी तिला वाफा म्हणायची, तुम्ही क्यारी. मी निशिगंध म्हणायची, तुम्ही गुलछडी, दूधवाला रजनीगंधा. फुलं मात्र कुणाचंही न ऐकता यायची. जेठ महिन्याच्या उन्हात अंगाची लाही व्हायची, नळ तिसऱ्या दिवशी यायचा, सगळ्या कॉलनीचे गुलाब वाळून काटे उरायचे, आणि तुमच्या क्यारीत त्या उंच पांढऱ्या काड्या सरळ उभ्या. संध्याकाळी सहा वाजले की वास सुटायचा. सायकलवरून जाणारी माणसं आपल्या फाटकापाशी उगाच चेन बघायला उतरायची. तुम्ही ओट्यावर बसून त्यांना बघायचात आणि खूश व्हायचात.

तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, सगळं त्या क्यारीला. भाऊजींना आंघोळ पाटावर बसून करायला लावायचात, खाली घमेलं ठेवून. त्यांनी कधी तक्रार केली नाही. भाऊजी दिवसातून मोजून चार वाक्यं बोलतात आणि त्यातली दोन वर्तमानपत्राबद्दल असतात.

फुलं तुम्ही खुल्या हाताने दिलीत. गणपतीला, कुणाच्या पोरीच्या साखरपुड्याला, दवाखान्यात कुणी असेल तर तिकडे. पण गड्डा नाही. पहिल्याच वर्षी मी सहज म्हटलं, "जीजी, मला एक गड्डा द्या ना, गच्चीवर लावते." तुम्ही भाजी चिरत होतात, ती थांबवून माझ्याकडे पाहिलंत. "फूल माग नीलू, कितीही देते. गड्डा नाही मागायचा. आपल्या सासूबाईंनी बजावलेलं आहे. आपल्या हाताने गड्डा दिला की क्यारी रुसते."

"मला तर त्या असं कधी बोलल्या नाहीत," मी म्हटलं.

"त्या तुला ओळखून होत्या."

मग मीही म्हणाले की क्यारी काय नणंद आहे का रुसायला, हा नुसता कंजूषपणा आहे. तुम्ही म्हणालात, साताऱ्यात मोठ्यांशी असं बोलतात का. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी नळ आला, तेव्हा पाण्यासाठी बोलावंच लागलं. पण तो वाद काही मिटला नाही जीजी. कंजूषपणा की सासूबाईंचा नियम, यावर आपण नऊ वर्षं अधूनमधून भांडलो आणि दर वेळी कुणीतरी दारात आलं म्हणून अर्ध्यावर सोडलं.

त्याच उन्हाळ्यात कुरड्यांचं झालं. तुम्ही गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि ह्यांनी नवीन केबलची वायर ओढताना त्यांच्यावरून चालत जाऊन अँटेना काढला. दोन किलोच्या कुरड्यांचा चुरा झाला. तुम्ही जिन्यात उभ्या राहून म्हणालात, "आता तुझ्या गच्चीवर मी पाय ठेवणार नाही." आणि तुम्ही ठेवला नाहीत. पापड ओट्यावर घातलेत, गोधड्या फाटकावर टाकल्यात, पतंग बघायला भाऊजींना एकट्याला वर पाठवलंत. तुमचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे, त्यामुळे मला वाटलं की शपथेला गुडघ्यांची चांगली साथ आहे. जीजींनी नऊ वर्षांत गच्ची पाहिलेली नाही, हे मी कोर्टात सांगितलं असतं.

पुढच्या थंडीत, सिंहस्थाच्या आधी, पानं पिवळी पडल्यावर तुम्ही गड्डे काढलेत. एरवी ते तुमच्या मागच्या खोलीत सावलीत वाळायचे. त्या वर्षी दोन सुपं जिन्याच्या वळणावर दिसली. मी दुपारी शाळेतून येत होते. तुमचं दार सताड उघडं आणि आत तुमचं घोरणं. एका सुपात लसणाच्या कुड्यांसारखे बारके गड्डे, दुसऱ्यात चांगले कांद्याएवढे मोठाले. मी मुलांना कॉपी करताना पकडणारी बाई, जीजी. सव्वीस वर्षांची नोकरी. बोर्डाच्या परीक्षेत मी वर्गात शिरले की मुलं आपणहून चिठ्ठ्या खिडकीबाहेर टाकतात. आणि ती बाई वाकली, त्यातला सगळ्यात मोठा गड्डा उचलला आणि मेथीच्या जुडीखाली पिशवीत सरकवला. वर जाऊन आधी दाराला कडी लावली. बारका उचलला असता तरी चोरी तेवढीच झाली असती, मग मोठाच का घेऊ नये, असं मी स्वतःला समजावलं.

तेलाचा रिकामा डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं, आणि पाण्याच्या टाकीच्या मागची जागा. तिथून खालून काही दिसत नाही, हे मी फाटकापाशी उभी राहून तीनदा तपासलं होतं. एवढा विचार केला, पण एक गोष्ट डोक्यातच आली नाही. निशिगंध लपवता येतो, पण फुलला की त्याचा वास कुठे लपवणार? ज्या दिवशी हा फुलेल त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या कॉलनीला कळेल, हे लक्षात आलं तेव्हा अंकुर बोटभर वर आला होता. तेव्हापासून माझी गत विचारू नका. रोज सकाळी देवाला सांगायची की काडी येऊ दे, आणि डबा बघून आल्यावर सांगायची की एवढ्यात नको.

देवाने दुसरंच ऐकलं. त्या वर्षी नुसती पानं आली. त्याच्या पुढच्या वर्षीही पानं. लांब, हिरवीगार, गाईला घालावीत अशी. शेवटी मी देवास गेटच्या बाजारात रोपवाल्यापाशी गेले आणि माझ्या एका मैत्रिणीचा गड्डा आहे म्हणून सांगितलं. तो हसायला लागला. "बहनजी, आपकी सहेली का गड्डा बूढ़ा है. एक बार फूल दे चुका, अब नहीं देगा. इसके बच्चे अलग करके लगाओ." बाजूला जी बारकी बारकी पिल्लं चिकटलेली असतात, तीच पुढे फुलतात म्हणे. आणि त्यांनाही फुलायला एक-दोन वर्षं लागतात. माझी मैत्रीण फार नाराज होईल असं मी त्याला म्हटलं.

पण पिल्लं मी लावली. मे महिन्यात माझं साताऱ्याला जाणं ठरलेलं, वीस-बावीस दिवस. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत डब्यांचं काय करायचं? मी डोकं चालवलं. डब्यांभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि प्रत्येकात एक बारीक भोकाचं मडकं पुरून पाण्याने भरून ठेवलं. परत आले तर पानं टवटवीत. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की शाळेच्या स्टाफरूममध्ये फळ्यावर आकृती काढून दाखवली. दोघीतिघींनी तसं करून पाहिलं आणि त्यांची झाडं चार दिवसांत करपली. मी म्हटलं, तुम्ही गोणपाट नीट भिजवलं नसेल.

आता काही गोष्टी मला दिसल्या होत्या, हेही सांगते. एकदा डब्यातल्या मातीवर तुरीच्या डाळीचे दोन-तीन दाणे होते. चिमण्यांनी आणले असतील, असं मी धरलं. एकदा सगळे डबे टाकीच्या पश्चिमेहून पूर्वेच्या सावलीत सरकलेले होते. माकडं, मी म्हटलं. उज्जैनची माकडं काय करतील नेम नाही. मी सव्वीस वर्षं गणित शिकवलंय जीजी, पण हे साधं गणित मला सुटलं नाही.

मग ते चैत्रगौरीचं हळदीकुंकू. तुम्हाला आठवतंच असेल, तुम्ही मला ते पुढे कधी विसरू दिलं नाहीत. मी वर गौर बसवली होती, कॉलनीतल्या वीस-बावीस बायका बोलावलेल्या, आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे सगळं तयार. आणि त्याच दिवशी दुपारी गच्चीवरच्या एका काडीने डोळे उघडले. खाली तुमच्या क्यारीत अजून एकही काडी नव्हती. तुमची गुलछडी जेठाशिवाय कधी आली नाही. म्हणजे तुमच्या चोरलेल्या झाडाने तुम्हालाच हरवलं होतं, माझ्या हातून, आणि मला ते कुणालाही सांगता येत नव्हतं. काडी तोडून फेकून द्यावी म्हणून कात्री घेऊन वर गेले. वास घेतला आणि कात्री घेऊन खाली आले.

पाच वाजल्यापासून वास जिन्यातून उतरायला लागला. मी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. धूप घातला. बायका हरभरे घ्यायला आलेल्या असताना मी आत जाऊन उगाच लसणाची फोडणी केली. तरी मधूनमधून तो येतच होता. शेवटी ह्यांना दिल्लीच्या मीटिंगमध्ये मिळालेला अंगाला मारायचा फवारा घेतला आणि पडद्यांवर मारला. बायका खोकायला लागल्या. एकीला तर गौरीसमोरच ठसका लागला. तुम्ही भिंतीला टेकून आंबेडाळ खात होतात. चमचा थांबवलात, नाक वर केलंत, डोळे मिटलेत.

"मस्त वास आहे गं नीलू. कुठली उदबत्ती?"

"देवास गेटहून आणली," मी म्हटलं. घाम कानामागून खाली गेला.

"मला पण एक पुडा आण."

झालं. दुसऱ्या दिवशी मी पुडा आणून दिला. तुम्ही तो लावलात आणि संध्याकाळी मला हाक मारलीत. "ही ती नाही. त्या दिवशीची आण." पुढच्या महिन्यात दुसरा पुडा. "ही पण नाही." मोगरा झाला, केवडा झाला, चंदन झालं, परदेशी डब्यातली एक झाली. पाच वर्षं मी तुम्हाला उदबत्त्या पुरवल्या जीजी, आणि पाच वर्षं तुम्ही त्याच तोंडाने, एकही सुरकुती न हलवता, म्हणत राहिलात, "त्या दिवसासारखा वास नाही येत हिला." मला वाटायचं, भोळ्या आहेत बिचाऱ्या.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं सांगायला जड जातं.

दोन वर्षांपूर्वी मुकुंदने गाडी घेतली. तुमचा मुलगा, प्रायव्हेट कंपनीत लागला, गाडी घेणारच. आपल्या गल्लीत तोपर्यंत चार गाड्या आल्या होत्या आणि प्रत्येकीने कुणाची तरी तुळस नाहीतर पेरू खाल्ला होता. फाटकापासून ओट्यापर्यंत फरशी-सिमेंट झालं. तुम्ही एका शब्दाने विरोध केला नाहीत. गड्डे काढून टोपलीत भरलेत आणि टोपली पलंगाखाली सरकवलीत. मी खाली आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता लावू कुठे गं?"

मी एवढंच म्हणायचं होतं, "वर लावा." एवढी मोठी गच्ची माझी. पण वर म्हटलं की तुम्ही येणार, तुम्ही आलात की टाकीमागे बघणार, आणि टाकीमागे तोवर अकरा डबे झाले होते. मी म्हणाले, "बघू, काहीतरी होईल." आणि हिंग घेऊन वर गेले. तुम्हीही काही बोलला नाहीत. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, लावायचे दिवस गेले. टोपलीतले गड्डे हलके झाले, मग पोकळ झाले, आणि एके दिवशी तुम्ही ते कचऱ्याच्या गाडीत टाकलेत. मी गच्चीवरून बघत होते. माझ्या एका भीतीपायी तुमची चाळीस वर्षांची गुलछडी गेली. मला याची लाज वाटते जीजी. आज लिहितानाही वाटते.

त्यानंतर तुम्ही तुमची खुर्ची ओट्यावरून उचलून जिन्याच्या तळाशी ठेवायला लागलात. संध्याकाळी रोज तिथे. "इथे हवा चांगली येते," असं सगळ्यांना सांगायचात. त्या कोपऱ्यात हवा कधीच आलेली नाही. मीही वरून बघायची आणि म्हणायची, वय झालं.

तुम्ही गेलात त्या सकाळी चहा अर्धा राहिला होता. कपाला हात लावून बसलेल्या होतात, भाऊजींनी दोनदा विचारलं, "साखर कमी आहे का?" तुमची लेक भोपाळहून येईपर्यंत थांबायचं ठरलं, संध्याकाळी चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर न्यायचं. मुकुंदने बाजारातून हार आणले. तेच ते, निशिगंधाचे, मध्ये चमकी घातलेले, पाणी मारमारून तीन दिवस जिवंत ठेवलेले. त्यांना वासच नव्हता. असे हार बघितले की तुम्ही लग्नाच्या मांडवातसुद्धा तोंड वाकडं करायचात. "मुर्दा फूल," म्हणायचात. आणि तेच तुमच्या छातीवर ठेवलेले. मी दाराशी उभी होते. मला ते बघवेना.

वर गेले. अकरा डब्यांत मिळून चौदा काड्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला निघणार होते, तिकीट फ्रिजवर ठेवलेलं. सगळ्या काड्या कापल्या, एकही ठेवली नाही. जिना उतरताना हात भरलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि वास माझ्या आधी खाली पोचलेला. खोलीत बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. घरात क्यारी नाही, फाटकात गाडी उभी, मग ही फुलं कुठली? प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो प्रश्न होता. मी मनाशी ठरवलं होतं की विचारलं की सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं की मी चोर आहे.

कुणी विचारायच्या आत भाऊजी बोलले. तुमच्या उशाशी बसले होते, मान वर करून माझ्या हातांकडे बघितलं.

"आणलीस वरची?"

मी काड्या छातीशी सावरल्या.

"दर मे महिन्यात तू गेलीस की ही रोज संध्याकाळी वर जायची, डाळ-तांदळाचं पाणी घेऊन, एकेक पायरी गुडघा धरून."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

"सुपंही तिनेच जिन्यात ठेववली मला सांगून, म्हणाली मी हाताने देणार नाही, सासूबाईंचं मोडायचं नाही, पण ती उचलेल तर उचलू दे."

तीन वाक्यं झाली होती. मला वाटलं आता संपलं. पण ते थांबले, तुमच्याकडे बघितलं, आणि चौथं बोलले.

"पण चांगले गड्डे बारक्यांच्या सुपात होते, तू नेमका कचऱ्यात टाकायच्या सुपातला उचललास, म्हणून ती दोन वर्षं हसत होती."

आधी तुमची लेक हसली. रडता रडताच फुटलं तिला. मग मुकुंद. मग कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावून, त्यात ती ठसकेवालीही होती. मी तुमच्या अंगावर एकेक काडी ठेवत होते आणि हसत होते आणि माझं नाक वाहत होतं. अहो, छत्तीस पायऱ्या आहेत वर. मी मोजल्या परवा. शपथ मोडून, चव्वेचाळीस डिग्रीत, त्या गुडघ्यांनी. आणि मी फळ्यावर गोणपाटाची आकृती काढत होते.

एकच विचारायचं आहे. क्यारी गेली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना वर डबे आहेत ते? मग तुम्ही तरी म्हणायचं होतं, "नीलू, वर लावते." मला वाटतं तुम्हालाही तेच आडवं आलं. वर लावते म्हटलं असतं तर वर जाता हे कबूल करावं लागलं असतं. मी चोरी लपवत होते, तुम्ही मोडलेली शपथ लपवत होतात, आणि दोघींच्या मध्ये टोपलीतले गड्डे वाळले. याबद्दल मला तुमच्याशी कडकडून भांडायचं आहे. हा वाद कुणी दारात आलं तरी मी सोडला नसता.

सासूबाईंच्या नियमाच्या वादात मात्र मी हरले, हे लिहून देते. कंजूषपणा नव्हता तो.

साताऱ्याचं तिकीट रद्द केलं. डब्यांना पाणी कोण घालणार? रोज संध्याकाळी डाळ धुतलेलं पाणी घेऊन वर जाते. तुम्ही डाळीचे दाणे कसे सांडायचात ते आता कळलं. शेवटच्या आठ पायऱ्यांवर उजेड कमी आहे आणि लोटा डाव्या हातात घ्यावा लागतो, उजवा कठड्यावर.

काल तुमची सून वर आली. रश्मी. लग्नाला वर्षच झालंय तिचं, अजून माझ्याशी दबकून बोलते. टाकीमागे उभी राहून बराच वेळ डबे बघत होती. मग म्हणाली, "काकू, मला एक गड्डा द्याल? मी खाली ओट्यावर गमल्यात लावीन. आईंचेच आहेत ना हे."

माझ्या तोंडून काय निघालं असेल, सांगा. मी स्वतःच दचकले. म्हटलं, "फूल माग रश्मी, कितीही देते. गड्डा नाही मागायचा. तुझ्या सासूबाईंनी बजावलेलं आहे." बिचारीचा चेहरा पडला. "बरं" म्हणून खाली गेली. बहुतेक मुकुंदजवळ मला कंजूष म्हणाली असेल.

म्हणू दे. थंडीत पानं पिवळी पडली की मी गड्डे काढीन. सूप जिन्याच्या वळणावर ठेवीन. दुपारी दार सताड उघडं टाकून झोपेन, जमलं तर घोरेनही. फक्त एक करीन जीजी, जे तुम्ही केलं नाहीत. सूप एकच ठेवीन, आणि त्यात फक्त बारके गड्डे ठेवीन.